वाचकांचे प्रश्न : खो-खोच्या मैदानासाठी आणि घरासाठी एकच कॅमेरा

या खेपेस कॅमेऱ्याच्या निवडीविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला सर्वाधिक जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण घरोघरची आहे आणि तिचे उत्तर नीट समजले की पुढच्या पत्रांतल्या बऱ्याच शंका आपोआप सुटतात.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची असून शाळेच्या संघातून खो-खो खेळते. सराव संध्याकाळी असतो आणि स्पर्धांतले महत्त्वाचे सामने बहुधा रात्री, दिव्यांच्या उजेडात होतात. मोबाइलवर काढलेल्या फोटोंत ती ओळखूही येत नाही. हातपाय पुसल्यासारखे दिसतात. घरी सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचे, सणावारांचे आणि घरच्या मंडळींचे चांगले फोटो राहावेत अशी मनापासून इच्छा आहे. लाखभर रुपये खर्च करण्याची तयारी आहे. एका दुकानात मेगापिक्सेल पाहून घ्या असे सांगितले, दुसऱ्या दुकानात फुल फ्रेमच घ्या असे सांगितले. दोन्ही कामांना चालेल असा कॅमेरा सुचवावा.
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ‘हातपाय पुसल्यासारखे दिसतात’ या आपल्या एका वाक्यात दुखण्याचे निदान आले आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. चपळ मुलगी पूर्ण वेगात सेकंदाला पाच-सहा मीटर धावते. शटर सेकंदाच्या साठाव्या भागाइतका वेळ उघडा राहिला, तर तेवढ्या वेळात ती सुमारे दहा सेंटिमीटर पुढे सरकलेली असते, आणि फोटोत तिची रेघ उमटते. तेच शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते उघडले, तर ती जेमतेम सहा मिलिमीटर सरकते आणि चेहरा, बोटे, उडालेली माती सारे जागच्या जागी थांबते. साध्या धावण्याला १/५०० पुरते, परंतु खांबावरचा सूर किंवा ऐन वेळी मारलेली हुलकावणी टिपायची असेल तर १/१००० च्या खाली उतरू नये, कारण हातपाय धडापेक्षा कितीतरी वेगाने हलतात.

आता खरी अडचण येते ती प्रकाशाची. १/६० वरून १/१००० वर गेल्यावर कॅमेऱ्याच्या सेन्सरला (प्रकाश टिपणाऱ्या भागाला) मिळणारा प्रकाश सोळा-सतरा पटींनी कमी होतो. दुपारच्या उन्हात ही तूट जाणवत नाही. रात्री दिव्यांखाली मात्र तीच फोटो बिघडवते. मोबाइलचा सेन्सर लहान असतो आणि प्रकाश कमी पडला की तो शटर मंद करून किंवा अनेक फ्रेम एकत्र करून वेळ मारून नेतो. समोरची व्यक्ती स्थिर असेल तर ही युक्ती उत्तम चालते. धावणाऱ्या मुलीवर ती चालत नाही. कॅमेऱ्यातले किंवा लेन्समधले स्थिरीकरणही इथे उपयोगी पडत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण विक्रेते तो गुण आवर्जून ऐकवतात. स्थिरीकरण आपल्या हाताची थरथर थांबवते. मुलीचे धावणे ते थांबवू शकत नाही.

प्रकाशाची तूट भरून काढण्याचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग लेन्समधून जातो, आणि माझ्या उत्तराचा गाभा हाच आहे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी झूम लेन्स लांबच्या टोकाला बहुधा एफ/६.३ इतकीच उघडते; हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते. एफ/१.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स तिच्यापेक्षा बारा पट प्रकाश आत घेते. फुल फ्रेमचा आग्रह या आकड्याशेजारी ठेवून पाहावा. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो आणि एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ चा, म्हणजे क्षेत्रफळाचा फायदा सव्वादोन पटींच्या आसपास. सव्वादोन पटींसाठी सगळे पैसे बॉडीत घालायचे आणि बारा पट देणाऱ्या लेन्ससाठी काही उरू द्यायचे नाही, हा व्यवहार मला पटत नाही. आपल्या खर्चात एपीएस-सी बॉडी आणि एक उजळ लेन्स हीच जोडी योग्य ठरेल.

किती मिलिमीटरची लेन्स घ्यावी हे आपण मैदानात कुठे बसणार यावर ठरते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स दहा मीटरवरून सुमारे पावणेतीन मीटर रुंदीचे दृश्य घेते. खांबावर सूर मारणारी मुलगी, समोरून निसटणारी संरक्षक आणि तो चार फुटांचा खांब एवढे त्यात बरोबर बसते. म्हणून पंचांची आणि शिक्षकांची परवानगी घेऊन मैदानाच्या रेषेबाहेर, एका खांबापासून आठ-दहा मीटरवर जमिनीलगत बसावे आणि समोरच्या खांबाचा मोह सोडून द्यावा. साऱ्या मैदानाचा पाठलाग करणाऱ्याच्या हाती पाठमोरे फोटोच जास्त लागतात. एका खांबापाशी थांबणाऱ्याला प्रत्येक डावात दोन-तीन तरी चांगले क्षण मिळतात. या लेन्सवर एफ/२ ठेवले तर दहा मीटरवर साधारण मीटरभर खोलीचा पट्टा स्पष्ट राहतो, म्हणजे फोकसला थोडी चूक परवडते.

फोकसविषयी एक गोष्ट खो-खोपुरती वेगळी आहे. आजचे कॅमेरे चेहरा आणि डोळा आपणहून ओळखून त्याचा माग ठेवतात. बहुतेक खेळांत हे वरदान ठरते. परंतु खो-खोत आठ आक्रमक आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात, आणि कॅमेरा धावणाऱ्या मुलीला सोडून हमखास त्या बसलेल्या, स्थिर, स्पष्ट चेहऱ्यांपैकी एकाला जाऊन चिकटतो. म्हणून फोकसचे क्षेत्र सबंध चौकट न ठेवता मधोमध लहान ठेवावे, सतत फोकस चालू ठेवावा आणि माग तुमच्या मुलीवरूनच सुरू करावा. कॅमेरा विकत घेताना या सोयी आहेत का आणि त्या चटकन बदलता येतात का, हे मेगापिक्सेलच्या आधी पाहावे.

शटरच्या बाबतीतही एक खबरदारी आहे. अनेक कॅमेऱ्यांत आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर असते आणि त्याचा वेगही मोठा सांगितला जातो. मात्र यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. धावणाऱ्या मुलीबरोबर कॅमेरा फिरवला की या पद्धतीने काढलेल्या फोटोत सरळ उभा खांब चक्क तिरका झालेला दिसतो. मैदानावर यांत्रिक शटरच वापरावे. दिव्यांचा लखलखाट हीदेखील तशीच बाब आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण १/१००० वर काढलेल्या सलग दहा फ्रेमपैकी काही काळपट आणि काही पिवळट येतात. कॅमेऱ्यात या लखलखाटाशी जुळवून घेण्याची सोय असते. ती मेनूत शोधून चालू करावी.

आता नावे. कॅनन ईओएस आर १० (२०२२) हा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा यांत्रिक शटरने सेकंदाला १५ फ्रेम घेतो. निकॉन झेड ५० टू (२०२४) सुमारे २१ मेगापिक्सेलचा असून यांत्रिक शटरने ११ फ्रेम घेतो आणि त्याचा माग ठेवणारा फोकस चांगला आहे. सोनी ए ६७०० (२०२३) तिन्हींत सरस म्हणता येईल, पण तो आपल्या खर्चात बसवणे कठीण जाईल. आपल्या गरजेला मी आर १० सुचवेन. कारण असे की कॅननच्या जुन्या डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांसाठी बनवलेली ईएफ ८५ मिलिमीटर एफ/१.८ ही वेगाने फोकस करणारी लेन्स वापरलेल्या स्थितीत माफक किमतीला मिळते आणि अडॅप्टर लावून आर १० वर पूर्ण ऑटोफोकससह चालते. कंपनीची नवी आरएफ ८५ एफ/२ ही लेन्स व्यक्तिचित्रांना सुंदर आहे, परंतु धावत्या खेळासाठी तिचे फोकसिंग संथ पडते. खर्च हाताबाहेर जाऊ लागला तर बॉडीत एक पायरी खाली उतरून त्याच घराण्यातला आर ५० घ्यावा, पण उजळ लेन्स सोडू नये.

घरच्या कामासाठी मात्र ही ८५ ची लेन्स खोलीत लांब वाटेल. तीन मीटरवरून तिच्यात फक्त खांदे आणि चेहरा मावतो. सासूबाईंचे एकटीचे व्यक्तिचित्र काढायला ती फार देखणी आहे. मांडीवर नात आणि शेजारी देव्हारा असे दृश्य हवे असेल तर कॅमेऱ्याबरोबर आलेली छोटी झूम लेन्सच वापरावी. खिडकीच्या उजेडावर भरवसा ठेवावा आणि फ्लॅश टाळावा. सकाळी त्या खिडकीशी बसून फुलवाती वळत असतील, तर बाजूने येणाऱ्या त्या उजेडात बोटांमधला कापूस, हातावरच्या शिरा आणि चष्म्याच्या काचेतले खिडकीचे चौकोन जसेच्या तसे उतरतात. इथे १/१२५ पुरते. मैदानावर नको म्हटलेले बिनआवाजी शटर इथे जरूर वापरावे, कारण खटका ऐकू आला की वयस्कर माणसे पदर सारखा करून ताठ बसतात आणि हातातले काम थांबते.

दोन्ही कामे एकाच कॅमेऱ्याने करायची तर एक सवय लावून घ्यावी, आणि ही मी स्वतः किंमत मोजून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी भाचीच्या शालेय अंतिम सामन्याला मी कॅमेरा घेऊन खांबाशी बसलो होतो. आदल्या दिवशी घरच्या कार्यक्रमात शटर १/१२५ वर ठेवले होते आणि ते बदलायचे राहून गेले. तिने शेवटच्या मिनिटाला खांबावर मारलेला सूर माझ्याजवळ सहा फ्रेममध्ये आहे, आणि सहाही फ्रेममध्ये तिचा चेहरा धुरकट आहे. तेव्हापासून मी डायलवरच्या जतन करण्याच्या जागा वापरतो. आर १० च्या डायलवर सी १ आणि सी २ अशा दोन खुणा आहेत. पहिलीवर मैदानाची सारी मांडणी जतन करावी : १/१०००, एफ/२, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) स्वयंचलित, सतत फोकस, यांत्रिक शटर. दुसरीवर घराची. बॅगेतून कॅमेरा काढताच डायल योग्य खुणेवर फिरवला की बाकीचे लक्षात ठेवावे लागत नाही.

आयएसओ ६४०० पर्यंत गेला आणि फोटोत दाणे दिसू लागले तरी घाबरू नये. दाणे पुढे बऱ्याच अंशी कमी करता येतात, पण हललेला चेहरा कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या भागात कुस्तीची मैदाने मोठी भरतात. ती आणि कधी शिवारातले पक्षी टिपावेत अशी हौस आहे. लेन्स बदलण्याची कटकट नको, म्हणून ८० पट झूमचा कॅमेरा घ्यावा असे मनात आहे. तो योग्य ठरेल का? की त्याच पैशांत वापरलेला डीएसएलआर बरा?
— एक वाचक, कुंडल परिसर, ता. पलूस

उत्तर : गुरुजी, पक्ष्यांसाठी आणि भर उन्हासाठी असा कॅमेरा आपल्याला आनंद देईल. परंतु कुस्तीच्या मैदानात नेमकी उलटी गोष्ट होते. लहान मुलांच्या जोडी दुपारी सुटतात आणि ज्या मोठ्या कुस्तीसाठी गाव जमलेले असते ती दिवस कलताना किंवा दिव्यांखाली लागते. एवढा झूम देणाऱ्या कॅमेऱ्यांचा सेन्सर बहुधा ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी सेन्सरचे क्षेत्रफळ त्याच्या तेरा पट भरते. सेन्सर लहान ठेवला म्हणूनच एवढा झूम त्या आकारात बसवता येतो. त्यामुळे उजेड उतरला की हा कॅमेरा हात टेकतो, आणि तोच क्षण आपल्याला हवा असतो.

म्हणून वापरलेल्या डीएसएलआरचा आपला विचार मला अधिक पसंत आहे. निकॉन डी ७५०० (२०१७) सेकंदाला आठ फ्रेम घेतो आणि कॅनन ७डी मार्क टू (२०१४) दहा. दोन्ही खेळासाठी नावाजलेले आहेत. त्यांवर ७० ते ३०० मिलिमीटरच्या आसपासची एकच लेन्स कायम लावून ठेवली तर बदलण्याची कटकटही उरत नाही. आखाड्याजवळ लेन्स उघडूच नये असे मी आग्रहाने सांगेन. तेल, ताक आणि हळद मुरलेली ती तांबडी माती पैलवानांनी एकमेकांच्या अंगावर टाकली की हवेत बराच वेळ तरंगते, आणि सेन्सरवर बसलेला तिचा एक कण पुढच्या प्रत्येक फोटोत आकाशात डाग होऊन दिसतो.

वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा उघडले आहे ते विचारावे. डी ७५०० चे शटर दीड लाख वेळांसाठी आणि ७डी मार्क टूचे दोन लाख वेळांसाठी तपासलेले आहे. निकॉनच्या फोटो फाइलमध्ये ही संख्या नोंदलेली असते. कॅननच्या बाबतीत ती काढण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते. लेन्समधून मागच्या बाजूने मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पाडून पाहावा. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, आणि अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. शेवटी कॅमेरा घेऊन दुकानाच्या पायरीवर उभे राहावे आणि समोरून येणाऱ्या सायकलस्वाराचे सतत फोकसवर वीस-तीस फोटो काढावेत. सायकल जवळ येत असताना सलग फोटोंत चेहरा स्पष्ट राहिला, तरच सौदा पुढे न्यावा.

प्रश्न : मोठे प्रिंट काढायचे असल्यास किती मेगापिक्सेल हवेत?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ए ४ आकाराच्या उत्तम प्रिंटला इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी कापली तरी सहा मेगापिक्सेल उरतात आणि त्यातून दहा इंच रुंदीचा स्वच्छ प्रिंट निघतो. आज मिळणाऱ्या बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत २० ते २६ मेगापिक्सेल असतातच, म्हणून या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

प्रश्न : २०१९ च्या महापुरात आमच्या घरातले लग्नापासूनचे अल्बम भिजले. काही वाचले, पण पाने एकमेकांना चिकटली आहेत. आता नवा कॅमेरा घेतला आहे. जुने फोटो त्याने टिपून ठेवता येतील का? आणि नदीकाठच्या दमट हवेत कॅमेरा कसा सांभाळावा?
— एक वाचक, सांगलीवाडी

उत्तर : आपले पत्र वाचून मन हेलावले. कृष्णेकाठच्या कित्येक घरांत त्या ऑगस्टमध्ये भांडीकुंडी पुन्हा घेता आली, अल्बम मात्र परत आले नाहीत.

कॅमेरा सांभाळण्याचे आधी सांगतो. पावसाळ्यात तो कातडी बॅगेत किंवा लाकडी कपाटात ठेवू नये. बुरशीला हेच आवडते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवावा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून उजेडात फोटो काढावेत. वापरातल्या लेन्सवर बुरशी सहसा धरत नाही. फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात, आणि त्यांतली एक पूररेषेबाहेर राहणाऱ्या नातेवाइकांकडे ठेवावी.

जुने फोटो नव्या कॅमेऱ्याने उत्तम टिपता येतात. अल्बम टेबलावर सपाट ठेवावा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्यावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि कॅमेरा तिवईवर पानाला अगदी समांतर धरावा. एफ/८ वर, दोन सेकंदांचा टायमर लावून फोटो घ्यावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. झूम लेन्स मधल्या लांबीवर ठेवली तर कडा वाकत नाहीत. चकाकणाऱ्या प्रिंटवर खिडकीचे प्रतिबिंब पडत असेल तर कॅमेऱ्याच्या मागे काळी चादर धरायला कोणाला तरी सांगावे.

चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. वाळलेला प्रिंट ओढला की चित्राचा थरच समोरच्या पानावर जातो. जे दिसते आहे त्याचा आधी पानासकट फोटो काढून घ्यावा. त्यानंतर साध्या कागदी प्रिंटपैकी ज्याचे फारसे महत्त्व नाही असा एक निवडून स्वच्छ, थंड पाण्यात भिजत ठेवून पाहावा; थर सुटा होऊन प्रिंट अलगद वेगळा झाला, तर तो चित्राची बाजू वर करून सुती कापडावर सावलीत वाळवावा आणि मगच लग्नाच्या पानांना हात लावावा.